दोन टेबलं, एक यकृत

जिवंत दात्याकडून यकृत घ्यायचं असलं की शेजारशेजारच्या दोन ओटी एकाच सकाळी सुरू होतात. एकीत डोनर, दुसरीत रुग्ण. डोनर आधी. त्याचं यकृत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि पित्तनलिकांची रचना पक्की कळल्याशिवाय दुसऱ्या खोलीत माघार घेता येणार नाही असं पाऊल कुणी टाकत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयात हे काम सुरू झालं तेव्हापासून त्यात आहे. बाहेर बाकड्यावर एकच कुटुंब बसलेलं असतं आणि त्यांची दोन माणसं आत असतात. दोघांतलं एक त्या सकाळपर्यंत पूर्ण निरोगी असतं. या शस्त्रक्रियेचं सगळं वजन या एका गोष्टीत आहे.

तयारी हिशेबाची असते. नव्या यकृताचं वजन रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी हवं. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५६० ग्रॅम. त्याच वेळी डोनरकडे त्याच्या यकृताचा निदान ३० टक्के भाग उरला पाहिजे. सीटी स्कॅनवर दोन्ही गणितं मांडली जातात आणि पुष्कळदा देणाऱ्याची तयारी असूनही ती जुळत नाहीत. यकृतात चरबी आढळली तर आधी वजन उतरवायला सांगतात. एका रुग्णाची पत्नी रोज पहाटे चालून, गोड-तळलेलं बंद करून पुन्हा तपासणीला आली, तेव्हा तिचं यकृत देण्याजोगं झालं होतं. देणाऱ्यांमध्ये बायका, आया, बहिणी जास्त दिसतात. म्हणून १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली होणारी डोनरची मुलाखत, तिचं चित्रीकरण, ही मला नुसती कागदपत्रं वाटत नाहीत. ‘नको’ म्हणायची वाट ओटीच्या दारापर्यंत उघडी राहिली, तरच ते दान.

डोनरच्या ओटीत घाई नसते. यकृताचे दोन भाग करताना वाटेतली प्रत्येक बारीक शीर वेगळी करून बांधायची असते. उजवा भाग सुटा झाला की तो बाजूच्या टेबलावर बर्फाच्या भांड्यात जातो आणि प्रवेशिनी (पोर्टल) शिरेतून त्यात थंड द्रावण सोडतात. बाहेर येणारं लालसर पाणी हळूहळू नितळ होतं, यकृत फिकट पडतं. सिस्टर वजन मोठ्याने सांगतात. सीटीवरचा अंदाज आणि काट्यावरचा आकडा जवळ आले की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल पडतात.

दुसऱ्या खोलीत तोवर रुग्णाचं आकसलेलं, गाठाळलेलं यकृत मोकळं केलेलं असतं. ते बाहेर काढलं की शरीरात यकृतच नाही असा काळ सुरू होतो. रक्तातलं लॅक्टेट चढत जातं. दिलेल्या रक्ताच्या पिशव्यांमधलं सायट्रेट निकामी करायला कुणी उरत नाही, ते कॅल्शियम खेचून घेतं आणि आम्ही शिरेतून कॅल्शियम देत राहतो. सर्जन यकृतशिरा जोडतात, मग प्रवेशिनी शीर. क्लॅम्प काढण्याआधी ते विचारतात, ‘भूल, तयार?’ आम्ही पोटॅशियम पाहतो, रक्तदाब धरून ठेवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचा वेग पाहतो आणि मगच हो म्हणतो. थंड, आम्लयुक्त रक्त थेट हृदयाकडे येतं. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब एक तृतीयांशाने कोसळू शकतो. त्या वेळी माझी नजर पडद्यावर असते. यकृत गुलाबी झालं हे मला सर्जनच्या आवाजावरून कळतं. पुढे भिंगाच्या चष्म्यातून दोन-तीन मिलिमीटरची धमनी जोडतात, शेवटी पित्तनलिका. कापलेल्या नलिकेतून सोनेरी पित्त झिरपू लागलं की यकृत कामाला लागलं.

हे सगळं शिकायला ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या वाट्याला मृत्यूच आले. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. जन्मतः पित्तनलिका बंद असलेला तीन वर्षांचा मुलगा रक्तस्रावाने टेबलावरच गेला. त्याच्यानंतरचे रुग्ण जास्तीत जास्त २३ दिवस जगले. रक्तस्राव थांबवण्यासाठी जे दिलं, त्यानेच शस्त्रक्रियेदरम्यान रक्त वळवून नेणाऱ्या बाहेरच्या नळीत गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या, हे शवविच्छेदनात कळलं. स्टार्झल यांनी ते त्याच वर्षी छापलं, काम थांबवलं, प्रयोगशाळेत परत गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा सुरुवात केली. तेव्हा एक लहान मुलगी वर्षाहून जास्त जगली. शरीराचा नकार रोखणारं सायक्लोस्पोरिन हे औषध येईपर्यंत वर्षभर जगणारे तिघांत एक असत. ते आल्यावर दहांत सात झाले. आज चांगल्या केंद्रांत दहांतले नऊ रुग्ण पहिलं वर्ष पार करतात. भारतात नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वडिलांच्या यकृताचा भाग मिळालेलं वीस महिन्यांचं बाळ पुढे स्वतः डॉक्टर झालं. त्याच्या आयुष्यात डेन्व्हरमध्ये लपवल्या न गेलेल्या प्रत्येक मृत्यूचा वाटा आहे, असं मी मानते.

ओटी संपली तरी निकाल लागलेला नसतो. आयसीयूत लॅक्टेट उतरतंय का, रक्त गोठण्याचा आयएनआर सुधारतोय का, रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो का, हे तासातासाला पाहायचं. पहिल्या दिवसांत डॉप्लर सोनोग्राफीने धमनीतला प्रवाह पुन्हा पुन्हा तपासायचा, कारण तिच्यात गुठळी झाली तर वेळ फार थोडा असतो. मग शरीर परक्या यकृताला नाकारतंय का ते पाहायचं आणि नकार रोखणाऱ्या टॅक्रोलिमसच्या गोळीची मात्रा जुळवायची. कमी पडली तर नकार, जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा आणि जंतुसंसर्गाला वाट. पहिल्या महिन्यांत संसर्गाचंच भय मोठं. शेतकरी रुग्णाला आम्ही मातीत, शेणखतात, जुन्या धान्याच्या कोठीत इतक्यात जाऊ नका असं बजावतो. गोळी बारा तासांनी, ठरल्या वेळी, जन्मभर. एकाने घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ आठचा गजर लावला होता. तो गजरही उपचारच आहे.

आमच्या सुरुवातीच्या काळात एक रुग्ण गेला. शस्त्रक्रिया नीट झाली होती, यकृत चालत होतं. बुरशीच्या संसर्गाने तो तिसऱ्या आठवड्यात गेला. यकृत देणारा त्याचा धाकटा भाऊ तोवर बरा होऊन खालच्या मजल्यावर चालत होता. त्या आठवड्याच्या बैठकीत सर्जन, भूलतज्ज्ञ, यकृततज्ज्ञ, आयसीयूच्या सिस्टर, आहारतज्ज्ञ असे सगळे बसलो. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक तक्ता भिंतीवर लावला. रुग्ण आमच्याकडे आला तेव्हाच फार अशक्त होता, आणि स्नायू झडलेल्या माणसाला संसर्ग लवकर गाठतो. त्यानंतर प्रत्यारोपणाआधीचं पोषण आमच्याकडे उपचाराइतकंच काटेकोर झालं. रात्री उशिराचं खाणं, प्रथिनांचा हिशेब, फिजिओथेरपी हे सगळं नोंदवहीत आलं. भाऊ पुढची वर्षं तपासणीला येत राहिला, कारण डोनरचा पाठपुरावा रुग्णाच्या मृत्यूबरोबर संपत नाही. त्याचं यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्ण आकाराला आलं. त्याचं दुःख मोजणारी तपासणी आमच्याकडे नाही, पण समुपदेशकाकडे त्याची वेळ राखलेली असते.

म्हणून, यकृत बदलायला सांगितलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी चार प्रश्न लिहून देते. तुमच्याकडे अशा किती शस्त्रक्रिया झाल्या? वर्षानंतर किती रुग्ण हयात आहेत? डोनरना काय काय त्रास झाला? आणि मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत आमचं नाव घातलं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण अशी दानं वाढली तर निरोगी माणसाला टेबलावर घ्यावंच लागणार नाही. नव्या केंद्राचे आकडे जुन्या केंद्राइतके नसतील, तरी हरकत नाही. ते मोजलेले असावेत, आणि विचारणाऱ्याला सांगितलेले असावेत. जे केंद्र हे आकडे सांगायला कचरतं, तिथे आपलं निरोगी माणूस टेबलावर देऊ नये.