मूळ नक्षत्राच्या शेजारी

शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या एका भगिनीच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलगी शिकलेली, घर विहाराला जोडलेले. कारण काय, तर जन्म मूळ नक्षत्रावर, म्हणे सासऱ्याला वाईट! नकार देणाऱ्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. ऐकून आम्हाला वाईट वाटले, त्याहून राग आला.

तेव्हा वाचक भगिनींनो, हे मूळ एकदा नीट पाहूया. बुद्धपौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी रात्री बाराच्या सुमारास अंगणात यावे. चंद्र उगवलेला नसतो. आग्नेयेला विंचू वर येतो, त्याची नांगी म्हणजे मूळ. नांगीच्या डावीकडे आकाशगंगा दाट दिसते. त्याच दिशेला, २६ हजार प्रकाशवर्षांवर, तिचे केंद्र आहे.

डोळ्यांना ते दिसत नाही. मध्ये इतकी धूळ आहे की तिथल्या लाख कोटी प्रकाशकणांतला जेमतेम एखादा पोहोचतो. पण राखेखालचा निखारा दिसला नाही तरी तळहाताला धग लागते ना? ती धग म्हणजे अवरक्त किरण. ते धुळीतून बरेच पार होतात. १९६८ मध्ये बेकलिन व नॉयगेबाउर या शास्त्रज्ञांनी याच किरणांत केंद्र प्रथम टिपले. काही अवरक्त किरण हवेतले बाष्पच अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आकाशाच्या अशा निरीक्षणासाठी हैदराबादहून फुग्याला बांधून दुर्बीण वर पाठवली.

केंद्राजवळची धूळ तापलेली आढळली, कोटीभर सूर्यांच्या ऊर्जेने. तापवते कोण? काहींचा संशय कृष्णविवरावर होता. १९९० च्या दशकातील अवरक्त निरीक्षणांतून दिसले की बहुतेक ऊर्जा तिथल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांची आहे. कृष्णविवर आहेच, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे. त्याभोवती १६ वर्षांत फेरी मारणारा तारा वर्षानुवर्षे मोजून राइनहार्ट गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी ते दाखवले. २०२० च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. गेझ या बाई आहेत, हे मुलींना जरूर सांगावे. असे हे अजस्र विवर सध्या शेजारची धूळही फारशी तापवत नाही. ते शाहूवाडीतल्या सासऱ्याला काय करणार?

नक्खत्त जातकात असेच आहे. नक्षत्र वाईट म्हणून वराकडचे ठरल्या दिवशी आले नाहीत. मुलीकडच्यांनी त्याच दिवशी तिचे दुसरीकडे लग्न लावले.

आम्ही त्या ताईंना विचारले, पत्रिका दिलीच कशाला? त्या म्हणाल्या, "आम्ही कुठली करतोय! जन्मवेळ विचारली, सांगितली. पंचांग त्यांच्याच घरात निघालं."