संग्रहाच्या तबकड्या : पेटीच्या आत की बाहेर?

आमच्या भागातील वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरीचा असतो. विधींची गाणी तिला मुखोद्गत असतात, आणि ती बहुधा कोठे लिहिलेली नसल्यामुळे तिच्याबरोबरच जावयाची. सिल्वासा व खानवेल या बाजूच्या अशा काही वृद्ध स्त्रियांची गाणी आम्ही ध्वनिमुद्रित करून शाळेच्या संगणकात ठेवली होती. संगणकात दोन सारख्या डिस्क होत्या. एकीवर जे लिहावे ते दुसरीवर आपोआप उमटत असे, आणि तेवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो. एके दिवशी नको असलेल्या धारिका काढून टाकताना आमच्याच हातून गाण्यांचा एक संबंध कप्पा पुसला गेला. तो दोहींवरूनही एकाच क्षणी गेला. गाणारी बाई त्यापूर्वीच निवर्तली होती.

अलीकडे ग्रंथालये व साहित्यसंस्था आपले संग्रह सर्व्हरवर, म्हणजे अनेकांच्या मागण्या पुरविणाऱ्या व अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर, ठेवू लागल्या आहेत. त्या वेळी विक्रेता पहिला प्रश्न टाकतो तो असा की, तबकड्यांचा संच सर्व्हरच्या पेटीत बसवावयाचा की स्वतंत्र कपाटात बाहेर ठेवावयाचा? (डिस्क या यंत्रास आम्ही येथे तबकडी म्हणतो, ग्रामोफोनच्या काळापासून तो शब्द आपल्या ओळखीचा आहे.) प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी संच म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात असे मांडले की, एका मोठ्या, महागड्या तबकडीऐवजी अनेक लहान व स्वस्त तबकड्या एकत्र बांधाव्यात. मात्र तबकड्या जितक्या अधिक, तितका त्यांतील एखादी बिघडण्याचा संभव अधिक. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी राखून ठेवावी. हीच 'रेड' नावाची योजना. तिचे मर्म चौथीच्या मुलासही कळेल. तीन तबकड्यांवर ७, ५ व ९ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली आहे. ५ ची तबकडी बिघडली, तरी २१ मधून ७ व ९ वजा करताच ५ परत मिळतात. प्रत्यक्षात यंत्र बेरजेऐवजी अंकांची सम-विषमता पाहते आणि ही जादा माहिती सर्व तबकड्यांवर आळीपाळीने वाटते, इतकेच. एक तबकडी गेली तरी निभावणारी ही रचना म्हणजे रेड-५; दोन गेल्या तरी निभावते ती रेड-६; आमच्याकडील जोडी ती रेड-१. बिघडलेलीच्या जागी १६ टेराबाइटांची नवी तबकडी बसविली व ती सेकंदास २०० मेगाबाइट या वेगाने भरत गेली, तरी बावीस तास लागतात. तेवढ्या अवधीत रेड-५ मधील दुसरी तबकडी गेली तर सारेच गेले. यास्तव मोठ्या तबकड्यांस रेड-६ बरी.

आता आत की बाहेर. आतील संचास वेगळी पेटी नको, वेगळी वीज नको, लांब केबल नको, खर्चही कमी. दोष दोन. खणांची संख्या ठरलेली असते; आणि सर्व्हरचा मुख्य फलक जळाला, तर तबकड्या धडधाकट असूनही त्यांतील माहिती हाती लागत नाही. त्या काढून दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवाव्या लागतात, आणि संच चालविणारे कार्ड खास जातीचे असेल तर त्याच घराण्यातील दुसरे कार्ड शोधत बसावे लागते. लिनक्स प्रणालीस हे काम कार्डावाचूनही करता येते. लहान संस्थेने तीच वाट धरावी असे आमचे मत आहे.

बाहेरील संचाला स्वतःची वीज असते, पुष्कळदा नियंत्रकही दोन असतात. सर्व्हर बिघडला तर केबल दुसऱ्या सर्व्हरला लावून काम पुढे चालू ठेवता येते. अनेक सर्व्हरांना एकच कपाट पुरते. जागा कमी पडल्यास शेजारी दुसरे कपाट जोडता येते. बँका, रुग्णालये यांना हे हवेच. परंतु किंमत बरीच वाढते, आणि केबल हा एक नवा कच्चा दुवा निर्माण होतो. झाडलोट करताना ती निसटली, की सर्व्हरच्या लेखी सगळ्या तबकड्या एकदमच मेल्या! शिवाय चालू करताना आधी कपाट व मग सर्व्हर, बंद करताना त्याच्या उलट, हा क्रम शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांनी पाळावा लागतो. शाळेत तो किती दिवस पाळला जाईल हे अनुभवी वाचकांस सांगणे नलगे.

आपली गरज तरी केवढी? ए-४ आकाराचे एक पान इंचास ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत टिपले व मुळीच संक्षेप केला नाही, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे तीनशे पानांची हजार पुस्तके आठ टेराबाइटांत मावतात. उत्तम प्रतीचे ध्वनिमुद्रण तासाला एक गिगाबाइटाच्या थोडे वर जाते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्याची कागदपत्रे, सैनिकांच्या आठवणी, वारली व कोकणी गाणी हे सर्व जमविले, तरी आतील चार-सहा तबकड्यांच्या रेड-६ संचात ते सुखाने राहील. तेव्हा शाळेने वा साहित्यसंस्थेने आतील संचच घ्यावा, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

वाचलेले पैसे मात्र परत तिजोरीत जाऊ नयेत. संच आत असो वा बाहेर, तो असतो एकाच छपराखाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ५ जानेवारी २००४ रोजी त्याच शहरातील भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. पाणी, आग, वीज, चोर आणि आमच्यासारखा निष्काळजी माणूस यांच्यापुढे रेड-६ चीही मात्रा चालत नाही. ती फक्त तबकडीच्या बिघाडावरचे औषध आहे. त्या पैशांतून दोन सुट्या तबकड्या घ्याव्यात, दर आठवड्यास एकीवर प्रत उतरवून ती सर्व्हरपासून सोडवून घ्यावी, आणि आळीपाळीने एक तरी तबकडी दुसऱ्या गावी ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या प्रतीवर चूकही इमानाने उतरण्याची भीती असते. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतील ओल भारी, म्हणून ती ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात घालतो.

प्रत घेतली म्हणजे ती वाचता येतेच असे नाही. दर तिमाहीस आम्ही ती दुसऱ्या संगणकावर लावून त्यातील काही गाणी अखेरपर्यंत ऐकतो. गेल्या खेपेस एक गाणे अर्ध्यावरच तुटलेले आढळले. मूळ गाणे सर्व्हरवर शाबूत होते, त्यावरून ते पुन्हा उतरवून घेतले.