पोशाखाच्या आतला पोशाख

ऐतिहासिक नाटकात शेला, जिरेटोप आणि पैठणी प्रेक्षकाला दिसतात. पण पोशाख अंगावर नीट बसतो तो आतल्या कपड्यांमुळे. नांदेडचे कुसुम सभागृह असो की लातूरचे दयानंद सभागृह, दिव्यांच्या झोतात मखमल आणि जर घालून तीन तास वावरणाऱ्या नटाचा घाम आतल्या सुती कपड्याने टिपला नाही, तर वरचा पोशाख महिन्याभरात कुजतो. मखमल रोज धुता येत नाही, बंडी येते.

मराठी पेहरावात आतल्या कपड्यांचे खरे कसब नऊवारीत लागते. युरोपच्या ऐतिहासिक नाटकांत कॉर्सेट देह आवळून आकार देते. नऊवारीचा सगळा डौल निऱ्या, ओचा आणि कासोट्यात असतो. कासोटा मागे खोचायचा असल्याने परकर चालतच नाही. म्हणून आत गुडघ्यापर्यंतचा, लुगड्याच्याच रंगाचा चोळणा शिवतात. त्याच्या आसणात चौकोनी कळी घातली नाही, तर पायऱ्या चढताना किंवा घोड्यावर बसताना शिवण हमखास उसवते. कमरेला चार बोटे रुंद, दुहेरी मांजरपाटाचा पट्टा बांधून त्यात निऱ्या खोचल्या, की लुगडे ढिले पडत नाही. चोळी तर स्वतःच अंगालगतचे वस्त्र. तिच्याखाली आजची अंतर्वस्त्रे घातली की त्यांचे पट्टे पाठीवर उमटतात आणि काळ मोडतो. त्यावर उपाय एकच: आधार चोळीच्या अस्तरातच शिवायचा आणि पुढच्या गाठीमागे हूक लपवायचे.

पुरुषांचे काम त्या मानाने सोपे. बाजारातल्या बनियनचा गोल गळा बाराबंदीतून डोकावतो, म्हणून खोल गळ्याची, बंदांची बिनबाह्यांची बंडी बेततात. पोट वाढवायचे असेल तर कापसाची गादी बंडीलाच टाचतात, म्हणजे ती खाली घसरत नाही.

बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य १९८५ पासून दोनशेहून अधिक कलावंतांनिशी गावोगाव झाले. अशा संचात दीडशे पुरुष धरले आणि एक अंगावर, एक वाळत अशा प्रत्येकी दोन बंड्या धरल्या, तरी सव्वा मीटरप्रमाणे पावणेचारशे मीटर कापड लागते. एवढ्या जणांची वेगवेगळी मापे घेणे परवडत नाही. छातीच्या मापावरून चार गट पाडून बाजूला माया सोडतात आणि गळपट्टीच्या आत न पुसणाऱ्या शाईने पात्राचे नाव घालतात.

कापडासाठी मराठवाड्याला फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रध्वजाची खादी ज्या उदगीर-नांदेडात तयार होते, तिथे सुती विणकामाची जाण आहे. कोरी खादी आटते, म्हणून बेतण्याआधी ती रात्रभर पाण्यात भिजवून उन्हात वाळवतात आणि मगच तिला कात्री लावतात.