सायकलवर बिऱ्हाड बांधताय? आधी उगवण तपासा

शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. आठवड्यानं उघडून मोजतो. ज्वारीचे ७५ च्या वर उगवले तर बी पेरायचं, नाहीतर बदलायचं. फसायचंच असेल तर ते घरी फसावं, रानात नको, एवढाच त्यातला हिशेब. सायकलवर सामान बांधून मुक्कामी सहलीला निघणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

रब्बीची कोळपणी उरकली की काढणीपर्यंत थोडी सवड मिळते. गावोगावची तरुण पोरं हल्ली विचारतात, "साहेब, सातारा ते पंढरपूर सायकलवर जायचं, रात्री तंबूत राहायचं. काय काय घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं. काय घ्यायचं ते नंतर बघू, आधी काय ठेवायचं ते ठरवा.

हे मी ठेच खाऊन शिकलो. पहिल्या खेपेला मी घोंगडी, सतरंजी, स्टोव्ह, भांडी, पाच किलो पीठ असं सगळं एका पोत्यात भरलं आणि कॅरिअरवर उंच बांधलं. वर्धनगडाचा घाट ढकलत चढलो. उतरणीला पोतं डुलायला लागलं तसं हँडल थरथरू लागलं. मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, चाक आउट होऊन फोर्कला घासलं आणि मी सायकलसकट चरात गेलो. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितोय. घरी आल्यावर पोतं काट्यावर ठेवलं, तर २८ किलो भरलं!

ओझं किती आणि कुठं?

पहिल्या खेपेला पाण्यासकट १५ किलोच्या वर जाऊ नका. बांधायचं कसं ते दूधवाल्याकडून शिका. तो कॅन दोन्ही बाजूंना, खाली आणि सारख्या वजनाचे लावतो. तसंच कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या लावा. जड वस्तू तळाला, अंथरूण वर. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधा. एकही टोक लोंबता कामा नये, ते चाकात गेलं तर सायकल जागीच आडवी होते. स्टोव्ह घरीच राहू द्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, आणि या रस्त्यावर जेवणाची आबाळ होत नाही.

चाक आणि ब्रेक

सगळ्यात जास्त भार मागच्या चाकावर येतो आणि स्पोक बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूचे तुटतात. मिस्त्रीकडून सगळे स्पोक ताणून घ्या, ढिला एकही नको. ब्रेकचे रबर नवे टाका, कारण भरलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते. सोबत जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, पाना आणि चार स्पोक हवेत. पंक्चर स्वतः काढता येत नसेल तर निघायच्या आधी शिका. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

गोणपाटातली चाचणी

आता मुख्य गोष्ट. निघायच्या पंधरा दिवस आधी सगळं सामान बांधून २५ किलोमीटर फिरून या. वाटेत एक चढ आणि एक उतार हवाच. रात्री स्वतःच्याच वस्तीवर तंबू ठोकून झोपा. सकाळी उठून तीन ढीग करा. वापरलेलं, न वापरलेलं आणि कमी पडलेलं. न वापरलेल्या ढिगातलं औषध, पंक्चरचं सामान आणि पाऊस-थंडीचे कपडे तेवढे परत पिशवीत घाला, बाकीचं फडताळात. दुसऱ्या खेपेला मी असंच केलं. सामान १४ किलोवर आलं. रोज ३५-४० किलोमीटर जात पुसेगाव, गोंदवले, पिलीव असे मुक्काम करत चौथ्या दिवशी पंढरपूर गाठलं.

मुक्कामाची जागा

जागा मुरमाड आणि उंचवट्याची बघा. ओढ्याचं पात्र, आग्या मोहळाचं झाड आणि कडब्याची गंजी यांच्यापासून लांब राहा. गंजीजवळ काडीसुद्धा ओढू नका. माण-खटावात कडबा म्हणजे जनावरांचं वर्षाचं पोट आहे. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या रानात उतरू नका.

उघड्यावर जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट झटकून घाला. दंशाचा नुसता संशय आला तरी कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनो, संध्याकाळी अशी पोरं दारात आली तर नाव-गाव लिहून घ्या आणि शाळेचं पटांगण किंवा देवळाची ओसरी दाखवा. एक नळ आणि एक दिवा एवढंच त्यांना हवं असतं. आणि पोरांनो, सकाळी निघताना जागा झाडून द्या. पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी ते दार उघडं राहायला हवं.

तेव्हा आधी काट्यावर वजन, मग वस्तीवरची एक रात्र आणि मगच पंढरीची वाट. बी तपासून पेरणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ सहसा येत नाही.