ठेकेदार येण्याआधी

कोकणात डोंगरउतारावर चार-पाच एकर रान असलेल्या घरी एक दिवस लाकडाचा ठेकेदार येतोच. घरातलं लग्न, आजारपण त्याला आधी कळतं, कसं कोण जाणे! तो सगळं रान उक्तं मागतो. हो म्हणण्याआधी सातबारा काढा. इतर हक्कांत खाजगी वनाची नोंद असेल, तर १९७५ च्या संपादन कायद्याखाली ते रान सरकारकडे गेलेलं असू शकतं. सौदा तिथेच थांबवा. नोंद नसली तरी साग, खैर, ऐन, किंजळ तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच.

मग झाडं मोजा. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर घ्या, वहीत लिहा. माझे अब्बा सुतळीला गाठी मारून मोजत. ठेकेदाराला त्या सुतळीचा फार राग!

ऐन-किंजळ मुळासकट काढू देऊ नका. जमिनीलगत तिरका, साफ घाव घातला की पाणी साचत नाही, खोडाला फुटवे येतात. पुढच्या वर्षी दोन जोमदार ठेवा, बाकीचे भाजावळीला न्या. ओढ्याकाठची झाडं विकूच नका. माघ संपण्याआधी हद्दीवरचं गवत कापून पट्टा मोकळा करा; वणवा बहुधा शेजारच्या उतारावरूनच येतो.