घोटीचा चिखल, चोवीस पटींनी लहान

पावसाळ्यात घोटीच्या बाजारात उभी असलेली बोलेरो कुठून आली, हे तिच्या अंगावरच्या चिखलावरून कळतं. आवणी चाललेल्या खाचराकडून आलेलीच्या चाकांवर काळपट, चिकट गाळाचे लपके असतात. माळावरून उतरलेलीच्या दारांवर तांबूस शिंतोडे, तर मुंबई-आग्रा महामार्गानं आलेलीच्या मागच्या काचेवर करडा पातळ थर. मोटारींच्या छोट्या मॉडेलवर चिखल चढवणाऱ्यानं आधी हेच ठरवायचं असतं की गाडी आली कुठून.

ही विद्या वाढली ती रणगाड्यांच्या मॉडेलांवर. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेरलिंडेन यांच्यासारख्यांनी ती जगभर पोचवली. आज व्हायेहो या स्पॅनिश कंपनीचा ‘युरोपियन मड’ बाटलीत तयार मिळतो. माल उत्तम आहे, पण घोटीच्या गाडीला तो का लावावा? बोलेरो नाशिकची, महिंद्राचा इंजिनांचा कारखाना शेजारी इगतपुरीत. मग मातीही इथलीच हवी.

ती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावी. 1:24 मापाच्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा कण खऱ्या गाडीवरच्या 24 मिलिमीटरच्या खड्याएवढा दिसतो. असा एक कण राहिला तरी सगळा भास मोडतो. मातीत पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मिसळायचा. साबणामुळे मिश्रण गोळा न होता फटींत उतरतं. मॉडेलच्या चकचकीत रंगावर आधी मॅट वार्निशचा हात द्यावा, नाहीतर चिखल धरत नाही.

मग पहिला थर वाळल्या धुळीचा, फिका. त्यावर गडद, दाट चिखल. शिंतोड्यांसाठी जुना टूथब्रश पातळ मिश्रणात बुडवून त्याचे केस बोटानं मागे ओढून सोडायचे. दिशा मात्र सांभाळावी. टायर चिखल मागे फेकतो, म्हणून पुढच्या चाकामागचा दाराचा खालचा भाग सगळ्यात जास्त माखतो आणि वर जाताना ठिपके विरळ होतात. टायरच्या खाचा भरलेल्या, पण रस्त्याला घासणारा पृष्ठभाग पुसलेला ठेवायचा. समोरच्या काचेवर वायपर फिरतो तेवढी कमान आधी टेपनं झाकायची. चिखल वाळल्यावर टेप काढली की स्वच्छ काच आणि तिच्या कडेला साचलेली किनार दिसते. माझ्या मते साऱ्या कामात हीच जागा सर्वांत देखणी.

बहुतेकांचा हात सैल सुटतो तो ओलेपणा दाखवताना. ग्लॉस वार्निश लावलं की चिखल क्षणात ओला दिसतो, म्हणून ते गाडीभर फासलं जातं. पण बॉनेट इंजिनाच्या उष्णतेनं लवकर सुकतं आणि ओल टिकते चाकांच्या कमानीत. तेव्हा ग्लॉस फक्त तिथं आणि शेवटच्या चार-दोन शिंतोड्यांवर द्यावं.