भिवंडीचे विस्मरण

१९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसमवेत नियमित बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. परंतु हे काम पुढे चालविण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन खोपडे यांच्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्यांवर नव्हते. जुलै २००६ मध्ये याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, प्रकाश सिंह खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ठाणेदार व जिल्हा अधीक्षकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला खरा, पण ‘प्रशासकीय निकडी’ची खिडकी उघडी ठेवून. बदल्यांचे राजकारण या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही!

केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री’ प्रकल्प सुरू केला, बीटमधील घरांशी परिचय ठेवणे हे पोलिसाचे कामच ठरविले आणि २०११ च्या पोलीस कायद्यात लोकसहभागाला स्थान दिले. घरोघरच्या माहितीतून पाळत ठेवली जाण्याचा धोका तेथेही आहेच.

पोलीस हा राज्यांचा विषय, असे म्हणून केंद्राला हात झटकता येतात. राजधानीत तेही शक्य नाही. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्याच अखत्यारीत आहेत, आणि येथे परप्रांतीय भाडेकरूची पोलिसांशी ओळख बहुधा पडताळणीच्या अर्जापुरतीच असते.